वाचता आलं त्या दिवशी

प्राथमिक शाळेतली वर्षातली सर्वांत मोठी घटना बहुधा एखाद्या साध्या मंगळवारी, तिसऱ्या तासाला घडते. पहिलीतलं मूल कित्येक दिवस अक्षरं सुटी सुटी ओळखत असतं. ‘क’, ‘म’, ‘ळ’ म्हणता म्हणता ते थबकतं आणि एका दमात ‘कमळ’ म्हणून मोकळं होतं. बाईंना ते कळतं. शेजारी बसलेल्या पोराला कधीकधी बाईंच्याही आधी कळतं. शाळेच्या कुठल्याच रजिस्टरला मात्र याची खबर नसते. आपल्याकडे कौतुकाचा दिवस ठरलेला आहे: डिसेंबर-जानेवारीतलं स्नेहसंमेलन, मांडव, उशिरा येणारे प्रमुख पाहुणे आणि पहिला, दुसरा, तिसरा. उरलेला वर्ग टाळ्या वाजवायला.

शील्ड मिळालेल्या पोराचा आनंद खोटा नसतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण क्रमांकाला मूल कुठे पोहोचलं एवढंच दिसतं, ते कुठून निघालं होतं हे दिसत नाही.

छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातलं नंदिनी नगर घ्या. अहिवाऱ्याजवळची ही भिलाई पोलाद कारखान्याची खाणवस्ती. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पुढे वर्षानुवर्षं भिलाईच्या भट्ट्यांना चुनखडी पुरवली ती नंदिनीच्या खाणींनी. कारखान्यामागोमाग देशभरातून माणसं आली. मराठी माणसाला तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६पर्यंत नागपूर हीच इथली राजधानी होती. अशा वस्तीतल्या मराठी घरातलं सात वर्षांचं पोर घरी मराठी बोलतं, मैदानावर छत्तीसगढी आणि वर्गात हिंदी. शाळेत ते ‘कमल’ वाचतं. मग घरी आजीच्या पुस्तकात ‘कमळ’ पाहून ‘हे अक्षर आमच्या पुस्तकात नाही’ असं त्याने सांगितलं, तर भाषाशास्त्राचा पहिला धडा त्याने स्वतःच शोधून काढला म्हणायचं. खाणमजुराच्या छत्तीसगढी घरातली मुलगी हिंदी पुस्तकातलं पहिलं वाक्य अर्थासकट वाचते, तेव्हा तिनेही असाच एक डोंगर ओलांडलेला असतो. प्रगतिपुस्तकात दोघांनाही ‘ब’ श्रेणी.

मग रोज कौतुक करा, चांदण्या चिकटवा, हातावर ‘स्टार’ काढा, असं कोणी म्हणेल. बऱ्याच शाळा ते करतातच. इथे जरा सांभाळून. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काही दिवसांनी पाहिलं तर हीच मुलं मोकळ्या वेळेत इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळालं, त्यांची आवड टिकून राहिली. १९९८मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी घातली. ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडू लागली, अवघड कोड्यात अडकल्यावर लवकर हताश झाली आणि आपले गुण सांगताना वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघालं. ‘तू मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली मुलं मात्र अवघडाकडे वळली. आपण तर घरोघरी पाहुण्यांसमोर ‘आमची चिंगी भारी हुशार’ म्हणून मोकळे होतो, आणि तेही चिंगीच्या देखत.

म्हणजे कौतुक हवं, ते वेळेवर हवं आणि ते नेमकं हवं. ‘शाब्बास’ पुरेसं नाही. ‘काल तू हातचा विसरत होतास, आज तिन्ही गणितांत लिहिलास’, हे पुरेसं आहे. एवढं बोलायला बाईंना कालचा हातचा आठवावा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

महाराष्ट्रात यासाठी सरकारी सोयसुद्धा आहे. २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम. पुढे काय झालं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या. ‘परिपाठात सक्रिय सहभाग घेतो’, ‘अक्षर सुवाच्य व वळणदार काढतो’. एका वर्गात चाळीस मुलं वळणदार अक्षर काढताहेत, असं कागदावर दिसायला लागलं. दोष एकट्या शिक्षकांचा नाही. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं हे सगळं उरकून सत्राच्या शेवटच्या आठवड्यात चाळीस मुलांच्या नोंदी लिहायला बसलेला माणूस दुसरं काय करणार? नोंद त्या दिवसाची त्या दिवशी, एका ओळीत झाली तरच ती त्या मुलाची राहते.

कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा शिक्षा आणि चढाओढ बाहेर ठेवूनही मुलं जोमाने शिकतात हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांची पुस्तकं वाचताना जाणवतो तो मुलांकडे बघण्यातला बारकावा. कोण काय म्हणालं, कशावर अडलं, कशाने उजळलं, हेच त्यांच्या लेखी प्रगतिपुस्तक. आनंदाच्या नावाखाली आज शाळांत फुगे बरेच फुगवले जातात. लीलाताईंचा आनंद कामातून यायचा.

नंदिनीत अशा कामाला सामग्री कमी नाही. चुनखडीच्या तुकड्यावर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. साध्या दगडावर येत नाहीत. तिसरीच्या वर्गात दहा दगड आणि दोन लिंबं एवढ्यावर एक तास रंगेल. भट्टीत हीच चुनखडी लोहखनिजातल्या वाळूसारख्या अशुद्ध भागाशी जुळून त्याची मळी करते आणि लोखंड वेगळं होतं, हे खाणीत काम करणारे कुणाचे तरी बाबा वर्गात येऊन सांगू शकतात. खाणकाम संपलेल्या जागेवर छत्तीसगड सरकारने अलीकडे मानवनिर्मित जंगल उभारायला घेतलं. तिथली झाडं ओळखणं हा परिसर अभ्यासाचा आयता धडा. अशा तासाला गणितात मागे असलेला एखादा पोरगा सगळ्यात आधी चुनखडी हुडकून काढतो. ते त्याच दिवशी, त्याच्या नावानिशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहावं. न्यायला आलेली आई दारातून ते वाचेल, तिला वाचता येत नसेल तर पोरगाच वाचून दाखवेल.

फळा संध्याकाळी पुसला जातो, म्हणून त्या ओळी एका साध्या शंभरपानी वहीत उतरवाव्यात, आणि एप्रिलमध्ये निकालाबरोबर ती वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांकडे द्यावी. प्रगतिपुस्तक घरी जातं, वही शाळेतच पुढे सरकते. नाहीतर दुसरीचे सर नव्या सत्रात पुन्हा ‘क’पासून सुरुवात करतात आणि पहिलीतच गोष्टीचं पुस्तक संपवलेल्या मुलीला पंधरा दिवस तेच गिरवायला लावतात.