दार लावणारा हात

साहित्याच्या अभ्यासकांत अश्रूंचीही एक उतरंड असते. 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी डोळे पुसणारा प्रेक्षक रसिक ठरतो. ॲना कारेनिनाच्या शेवटाशी पुस्तक मिटून गप्प बसणारी वाचक सहृदय ठरते. पण एखादा विद्यार्थी म्हणाला, की व्हिडिओ गेममधला घोडा दरीत कोसळला त्या रात्री आपल्याला झोप लागली नाही, तर वर्गात खसखस पिकते. 'अरे, तो खरा थोडाच होता?' सिंधूच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही.

खरे तर तो तिथेही विचारता येतो, आणि विचारला गेलेला आहे. कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने १९७५ साली ॲना कारेनिनालाच साक्षीला काढून विचारले होते, की जी व्यक्ती अस्तित्वात नाही हे आपण पक्के जाणतो, तिच्या दैवाने आपण हलतो कसे? असे हलणे माणसाला स्वाभाविक असले तरी त्यात विसंगती आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तो पटो वा न पटो, खोट्यासाठी रडण्याचा आरोप ठेवायचा तर टॉल्स्टॉयच्या वाचकालाही त्याच पिंजऱ्यात उभे करावे लागेल. म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवू. मला प्रश्न पडतो तो असा: गेममधल्या सोबत्याविषयीची माया ही कादंबरीतल्या पात्राविषयीच्या मायेची धाकटी, जराशी अप्रगल्भ बहीण आहे, की तिचे कूळच निराळे आहे?

उदाहरण मुद्दाम असे घेतो, ज्यात एकही चित्र नाही. 'इन्फोकॉम' या अमेरिकन कंपनीसाठी स्टीव्ह मेरेट्झ्कीने लिहिलेला 'प्लॅनेटफॉल' हा गेम १९८३ साली आला. पडद्यावर केवळ मजकूर. खेळणाऱ्याने छोटी वाक्ये टंकायची, गेमने मजकुरातच उत्तर द्यायचे. अंतराळयानावरचा एक कनिष्ठ कर्मचारी निर्जन ग्रहावर येऊन पडतो आणि तिथे त्याला बंद पडलेला एक यंत्रमानव सापडतो, फ्लॉइड. चालू केल्यावर फ्लॉइड लहान मुलासारखा मागे मागे हिंडतो, लपाछपी खेळू म्हणतो, मध्येच बडबडतो. पुढे धोका दिसला म्हणून खेळणाऱ्याने खेळ जतन करून ठेवला, तर त्याला तेही कळते आणि आता काहीतरी साहसी घडणार म्हणून तो हरखतो. कामाचा असा तो फारसा नाही. तास न् तास निव्वळ सोबत करतो.

मग एका प्रयोगशाळेतून एक कार्ड आणायचे असते. आत हिंस्र प्राणी आहेत. फ्लॉइड म्हणतो, मी जातो. खेळणाऱ्याने दार उघडायचे, तो आत धावला की दार बंद करायचे. आतून झटापटीचे आवाज येतात. दारावर थाप पडली की पुन्हा उघडायचे, आणि तो धडपडत बाहेर आला की पुन्हा बंद करायचे. कार्ड मिळते. फ्लॉइड खेळणाऱ्याच्या मांडीवर, त्याचे आवडते गाणे ऐकत, संपतो.

जॅनेट मरे यांनी 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' (१९९७) या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली आहे, आणि पुढे तो गेमच्या चर्चेत पुन:पुन्हा येत राहिला. पण चर्चेचा रोख बहुधा फ्लॉइडच्या त्यागावर असतो. माझे लक्ष दाराकडे जाते. 'दार बंद कर' हे शब्द कोणी निवेदक लिहीत नाही. ते खेळणाऱ्याला स्वतःच्या बोटांनी, एकेक अक्षर करून टंकावे लागतात. सुधाकर बाटलीला हात घालतो तेव्हा प्रेक्षागृहातला एकही हात त्यात गुंतलेला नसतो. म्हणूनच आपण निर्धास्तपणे, मनसोक्त रडू शकतो. फ्लॉइडवर दार लावणारा हात मात्र आपला असतो.

इथे आपल्या काव्यशास्त्राकडे वळणे मला अपरिहार्य वाटते. भट्टनायकाने मांडलेले आणि अभिनवगुप्ताने आपल्या परीने विकसित केलेले साधारणीकरण आपण दरवर्षी शिकवतो. रंगभूमीवरचा शोक ना नटाचा, ना माझा, ना शेजाऱ्याचा. 'माझे-परके' ही बंधने गळाली, की लौकिक भावाचा रस होतो. 'अभिनवभारती'त रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. भाव स्वतःचा किंवा परक्याचा म्हणून जखडून राहणे हे त्यांतलेच एक, आणि स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे आणखी एक. या कसोटीवर गेम पहिल्याच पायरीवर नापास होतो. तिथे 'माझे' गळत तर नाहीच, उलट प्रत्येक बटणागणिक घट्ट होते: माझा घोडा, माझी चूक, मी दार लावले.

मात्र एवढ्यावरून गेम ही कला नव्हे असे म्हणून मोकळे होणे मला घाईचे वाटते. ज्याला अभिनवगुप्त विघ्न म्हणतो तेच या माध्यमाचे साधन आहे. कादंबरी वाचताना मला भीती, करुणा, संताप, लाजसुद्धा वाटू शकते. पण पात्राच्या वाट्याला जे आले त्याबद्दल पश्चात्ताप? तो वाटायला मी काहीतरी केलेले असावे लागते. गेममध्ये मी केलेले असते. तो पश्चात्ताप लौकिक असतो, त्याला रस म्हणता येणार नाही, आणि तरीही तो एका काल्पनिक जीवाविषयी असतो. या मिश्रणाला आपल्या परिभाषेत अजून नाव नाही. ही उणीव परिभाषेची मानायची की गेमची, यावर मतभेद होऊ शकतात. मी ती परिभाषेची मानतो.

फुमितो उएदा या जपानी दिग्दर्शकाला हे पुरते उमगले होते. त्याच्या 'इको'मध्ये (२००१) एक मुलगा योर्दा नावाच्या मुलीला किल्ल्यातून बाहेर काढतो. तिची भाषा त्याला कळत नाही. संवाद असा नाहीच, आहे तो फक्त हात. कंट्रोलरवरचे एक बटण दाबून ठेवावे तोवर हात धरलेला राहतो. बोट उचलले की सुटला. तिला एकटी सोडली तर सावल्या येऊन ओढून नेतात. त्याच्याच 'शॅडो ऑफ द कलॉसस'मध्ये (२००५) ॲग्रो नावाची घोडी आहे. ती सांगितलेले लगेच ऐकेलच असे नाही, कधी स्वतःच्या मनाने वळते. हट्टामुळेच ती वाहन न राहता सोबतीण होते. शेवटच्या राक्षसाकडे जाताना पूल कोसळतो, ती स्वाराला पलीकडे भिरकावते आणि स्वतः दरीत जाते. उरलेली वाट पायी चालताना, इतके तास कोण आपल्याला वाहत होते, ते पायांना कळते.

आज्ञाधारक सोबत्याविषयी अशी माया उपजत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) हा एरवी गोड गेम, पण त्यात गावकऱ्यांच्या स्नेहाचा हिशेब हृदयचिन्हांत ठेवलेला आहे. आठवड्याला दोन भेटवस्तू द्याव्यात, हृदये भरत जातात. ही वाण्याची वही झाली. 'गेन्शिन इम्पॅक्ट'सारख्या (२०२०) गेममध्ये तर नवी पात्रे सोडतीतून मिळवायची आणि सोडतीची संधी पैसे मोजून वाढवायची. मायेचा बाजार मांडणे कंपन्यांना इतके सहज जमले असताना समीक्षकांनी ती माया हसण्यावारी न्यावी, हे मला बेजबाबदार वाटते.

'पोर्टल' (२००७) या गेमने मात्र हा बाजार स्वतःच उघडा पाडला. त्यात खेळणाऱ्याच्या हाती एक ठोकळा येतो, प्रत्येक बाजूवर हृदय रंगवलेले, आणि त्याला सांभाळून न्यायला सांगितले जाते. टप्प्याच्या शेवटी तो भट्टीत टाकल्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. टाकला, की यंत्राचा आवाज शांतपणे अभिनंदन करतो: आजवरच्या कोणापेक्षाही तुम्ही सोबत्याला लवकर संपवलेत. न डोळे, न आवाज, नुसता ठोकळा, आणि तरी लोकांचे हात अडखळले.

माझी तक्रार आहे ती निराळीच. मेरेट्झ्कीचा फ्लॉइड शेवटी दुरुस्त होऊन परततो. उएदाची ॲग्रोसुद्धा लंगडत का होईना, परत येते. निर्मात्यांचा धीर नेमका त्या क्षणी सुटला असे वाटते. 'फायनल फँटसी सेव्हन'ने (१९९७) हा मोह टाळला. फुले विकणारी एअरिथ पहिल्या तबकडीच्या शेवटी मारली जाते, आणि तिला बलवान करण्यात घालवलेले तास तिच्याबरोबर जातात. होम्सला १८९३ साली मारल्यावर वाचकांनी कॉनन डॉयलकडे तक्रारी केल्या, आणि १९०३ साली त्याने होम्सला परत आणले. एअरिथच्या बाबतीत तक्रार करून न थांबता अनेकांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. कुठेतरी एखादी वस्तू उचलायची राहिली असेल, एखाद्या संवादात चुकीचा पर्याय निवडला असेल, अमुक ठिकाणी परत गेले तर ती जिवंत होईल, अशा अफवा वर्षानुवर्षे पसरत राहिल्या. होम्सचा वाचक लेखकाला दोष देत होता. एअरिथचा खेळाडू स्वतःची चूक शोधत होता.