उत्सर्ग आणि अपवाद

इंग्लंडांत पुतण्याकडे राहिलों असतां त्यानें आपल्या १९९० सालच्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनांच्या गाडीचे ब्रेक-पॅड घरींच बदलावयास काढले. पुस्तिका वाचण्याचें काम तेवढें मजकडे. पुढचे दट्टे शिकंज्यानें दाबतांच आंत गेले, मागचा हलेना. पुतण्या आणखी जोर करणार, तोंच मी ओरडलों. मागच्या दट्ट्याच्या पोटांत हातब्रेकाची यंत्रणा असते. दाबल्यास तीच मोडावयाची. उत्सर्गास येथें अपवाद आहे! हातब्रेक सोडून, पाठीमागचा झांकणवजा बोल्ट काढून, आंत ४ मिलिमीटरची षट्कोनी किल्ली डावीकडे फिरविली कीं दट्ट्या निमूट मागें सरतो. नवे पॅड बसल्यावर ते चकतीस टेकेपर्यंत उजवीकडे. मग एकतृतीयांश फेरा उलट. पेडल पुनःपुन्हां दाबून घट्ट लागलें, तेव्हांच सूनबाईस गाडींत बसूं दिलें.