अनामत कुणाची?

'अनामत' हा शब्द अरबी 'अमानत'वरून आपल्याकडे आला. येताना अक्षरांची अदलाबदल झाली, अर्थ मात्र राहिला : विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली, पण मालकी न सोडलेली चीज. आज हा शब्द बहुतेक निवडणुकीच्या निकालांत भेटतो आणि तोही 'जप्त'च्या जोडीने. त्यामुळेच की काय, भाड्याने वस्तू देणाऱ्यांनाही या दोन शब्दांचे लग्न लागलेलेच आहे असे वाटू लागले असावे.

भाड्याने वस्तू आणणे आपल्याला नवे नाही. लग्नाची भांडी, तासावरची सायकल, एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ. भांडीवाला वहीत नाव लिहायचा, व्हिडिओवाला रेशनकार्ड ठेवून घ्यायचा. माणूस गल्लीतलाच, हीच खरी अनामत. आता कॅमेऱ्याच्या लेन्सपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत सारे मोबाइलवरून मागवता येते आणि देणारा-घेणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. साठ हजारांची लेन्स अनोळखी माणसाच्या हाती सोपवताना मालकाच्या पोटात गोळा येणारच. तेव्हा माझे भांडण अनामत घेण्याशी नाही. ती परत देण्याच्या रीतीशी आहे.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी आम्ही अशीच एक खाट मागवली. भाडे महिना तीन हजार, अनामत दहा हजार. चार महिन्यांनी सासूबाई गेल्या. खाट न्यायला माणूस दुसऱ्याच दिवशी दारात उभा. अनामत यायला मात्र सात आठवडे लागले आणि तीही अडीच हजार कापून. कारण काय, तर 'रंग उडाला'. खाट आली तेव्हा रंग किती होता याचा ना फोटो, ना कागद. पत्नीने फोन केले. पलीकडे दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. घरातले माणूस गेलेले असताना अडीच हजारांसाठी कोण भांडत बसतो? हे पलीकडच्यांना पुरेपूर ठाऊक असते.

वास्तविक कायदा इतका मुका नाही. १८७२ चा करार कायदा सांगतो की भाड्याची वस्तू सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी जपावी. तेवढे केल्यावर, वेगळा करार नसेल तर, नुकसानीची जबाबदारी घेणाऱ्यावर येत नाही. वापराने झिजणे हे तर भाड्यातच आले. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याचे त्याचे कंत्राट होते. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने त्याचे १८,५०० रुपये जप्त केले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते परत करायला लावले. नुकसान सिद्ध करता येण्यासारखे होते आणि सरकारने ते केले नाही, म्हणून. खुद्द भारत सरकारला पुरावा द्यावा लागतो, खाटवाल्याला लागत नाही!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर 'अनुचित करारा'ची जी लक्षणे दिली, त्यांत पहिलेच अवाजवी अनामतीचे आहे. गंमत अशी की, या मुद्द्यावर तक्रार करायची तर जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोग गाठावा लागतो. अडीच हजारांसाठी!

पण लबाडीपेक्षा मोठा धोका हिशेबात आहे. समजा, दीडशे गिऱ्हाइकांचे दहा-दहा हजार जमले. पंधरा लाख झाले, तेही बिनव्याजी. त्यातून नव्या खाटा येतात, जाहिरात होते आणि जुन्या गिऱ्हाइकाची अनामत नव्याच्या अनामतीतून फेडली जाते. नवे गिऱ्हाईक आटले की संपले. चीनमधल्या 'ओफो' या भाड्याच्या सायकलींच्या कंपनीचे हेच झाले. माणशी ९९, पुढे १९९ युआन अनामत. डिसेंबर २०१८ मध्ये ती परत मागणाऱ्यांची रांग एक कोटीच्या पुढे गेली आणि बीजिंगच्या कचेरीबाहेर लोक थंडीत उभे राहिले. त्यानंतर, २०१९ मध्ये, अशा अनामती वेगळ्या खात्यात ठेवण्याचा नियम तिथे झाला.

आपल्याकडे याहून सोपा मार्ग रुळलेला आहे. शेअरसाठी अर्ज करणाऱ्यांना २००८ पासून 'अस्बा'ची सोय आहे : पैसे आपल्याच खात्यात राहतात, फक्त गोठवले जातात. शेअर मिळाले तरच ते जातात. यूपीआयवरही २०१८ पासून रक्कम अशी गोठवता येते. चार दिवसांच्या लेन्सला किंवा ड्रिलला एवढे पुरे. व्यावसायिक म्हणतील, ही गोठवण मुदतीची, आमची खाट वर्षभर राहते. कबूल. मग तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. जीएसटीचा कायदाही अनामत भाड्यात वळती करेपर्यंत तिला मोबदला मानत नाही, मग तुम्ही तिला गल्ल्यात का धरता?

आणि गिऱ्हाइकाने पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात : अनामत किती दिवसांत परत, कोणत्या मोडतोडीला किती कपात, आणि वस्तू दारात आली त्या क्षणीचे फोटो. पुढच्या वेळी खाट आणणाऱ्या माणसाला मी आधी दारातच थांबवणार आहे.