मुक्तिनाथच्या वाटेवरची मराठी माणसे : पर्यटन संचालनालयास खुले पत्र

प्रति,
पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : नेपाळयात्रेस जाणाऱ्यांसाठी मराठीतून सुरक्षिततेच्या सूचना

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि लुंबिनी ही महाराष्ट्रातून निघणाऱ्या नेपाळयात्रेची मुख्य ठिकाणे. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यातले गट रेल्वेने प्रयागराज किंवा गोरखपूर गाठतात, तेथून भाड्याच्या बसने सोनौलीची सीमा ओलांडतात आणि लुंबिनी, पोखरा, काठमांडू असे फिरून परततात. यात्रेकरूंत साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा असतो. कित्येकांचा हा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा परदेशप्रवास ठरतो.

परतल्यावर या प्रवासाच्या आठवणी वर्षानुवर्षे घरात सांगितल्या जातात. गंडकीचा शाळिग्राम देवघरात येतो, रुद्राक्षाची माळ नातेवाइकांत फिरते, मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली झालेल्या स्नानाचे वर्णन पुन्हा पुन्हा होते. रात्रभर ठणकलेले डोके आणि दरडीपुढे सहा तास थांबलेली बस त्या कथनातून गळून जाते. यात्रेचे पुण्य सांगताना त्रासाचा उच्चार नको, ही भावना त्यामागे असते आणि ती समजण्यासारखी आहे. मात्र पुढच्या वर्षी निघणाऱ्या गटाची सारी माहिती याच आठवणींवर आणि आयोजकाच्या पत्रकावर उभी राहते. पत्रकात मुक्काम, जेवण, दर्शन आणि दर असतात. रस्ता, उंची आणि हवामान यांविषयी बहुधा एक ओळही नसते.

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी यात्रेकरूंची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ जणांचा मृत्यू झाला. मृतांत बहुसंख्य जळगाव जिल्ह्यातील, भुसावळ तालुक्यातल्या वरणगाव परिसरातले होते. त्याच्या दोन वर्षे आधी, २९ मे २०२२ रोजी, पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले छोटे विमान डोंगरावर आदळून २२ जण दगावले होते. त्यात ठाण्याचे चौघांचे एक कुटुंब होते. दोन्ही अपघात मुक्तिनाथ-पशुपतिनाथच्या नेहमीच्या मार्गांवरचे आहेत. त्या मार्गांचे धोके ठाऊक असलेले आणि बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहेत.

पहिला धोका रस्त्याचा. काठमांडू ते पोखरा हा पृथ्वी महामार्ग सुमारे २०० किलोमीटरचा. काठमांडूकडून मुगलिंगपर्यंत तो त्रिशूलीच्या काठाने आणि त्यापुढे मर्स्यांग्दीच्या काठाने जातो. एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खोलवर नदी, असा हा रस्ता आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत नेपाळात पावसाळा असतो आणि त्या काळात दरडी कोसळणे ही तेथली नित्याची बाब आहे. १२ जुलै २०२४ च्या पहाटे, अंधार असताना, नारायणगढ–मुगलिंग मार्गावर सिमलताल येथे दरडीने दोन प्रवासी बस त्रिशूलीत लोटल्या. महाराष्ट्रातील यात्रेकरूंना याच काळात श्रावण गाठायचा असतो. श्रावणाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, पण ही यात्रा श्रावणातच करावी असे बंधन कोणत्याही शास्त्राने घातलेले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे महिने या रस्त्यांसाठी कितीतरी बरे. अधिक महिन्यात मुक्तिनाथला जाणाऱ्यांनी पंचांगाबरोबर पावसाचे वेळापत्रकही पाहावे. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा येतो, म्हणजे त्याचा शेवटचा आठवडा नेपाळी पावसाळ्याच्या तोंडावर पडतो.

डोंगरातला प्रवास उजेडातच व्हावा आणि दिवस मावळण्याआधी मुक्काम गाठला जावा. लांबच्या टप्प्यावर दुसरा चालक असावा. मैदानी प्रदेशात वर्षानुवर्षे बस चालवलेला चालक घाटात निष्णात असतोच असे नाही. पोखऱ्याच्या पुढे बेनी, तातोपानी, घासा, जोमसोम हा रस्ता तर भारतातून नेलेल्या मोठ्या बससाठी नाहीच. तेथे स्थानिक चालकाची जीप किंवा छोटी गाडी घ्यावी. हा खर्च पत्रकात आधीच धरलेला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे, कारण बचतीच्या नावाखाली पहिली कात्री याच ठिकाणी लागते.

दुसरा धोका उंचीचा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पोखरा सुमारे ८२० मीटरवर, जोमसोम सुमारे २,७०० मीटरवर आणि मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे. विमानाने जोमसोम वीस-पंचवीस मिनिटांत येते. तेथून लगेच जीप धरली तर माणूस एका सकाळीत जवळजवळ २,९०० मीटर वर चढतो. मुक्तिनाथला प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. शरीर या फरकाला जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. उंचीमुळे होणारा विकार साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि तो तरुण-म्हातारा, सशक्त-अशक्त असा भेद करत नाही.

सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर आणि झोप न लागणे. ती पोहोचल्यानंतर काही तासांनी दिसतात. म्हणूनच ती प्रवासाचा शीण, पित्त किंवा बाहेरच्या खाण्याला चिकटवली जातात आणि गोळी घेऊन माणूस तेथेच झोपतो. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसली तर ती फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचल्याची असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहणे जिवावर बेतते. रुग्णाला तत्काळ खाली उतरवावे. मुक्तिनाथहून जोमसोमला आले की हजार मीटर उतरणे होते, ही या ठिकाणची एक मोठी सोय आहे.

चढण्याची पद्धत साधी आहे. पहिली रात्र जोमसोम, मार्फा किंवा कागबेनीला काढावी, दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथचे दर्शन घ्यावे आणि झोपायला पुन्हा खाली यावे. झोपण्याची उंची दिवसभर गाठलेल्या उंचीपेक्षा अधिक महत्त्वाची असते. प्रतिबंधक औषध असते, पण ते डॉक्टरांनीच ठरवावे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर ती आधी सांगितलीच पाहिजे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य पूर्ण वर्ज्य. अनेक यात्रेकरू कापूर हुंगत चढतात. त्याने थोडी तरतरी वाटते, रक्तातला प्राणवायू मात्र वाढत नाही, आणि कापरावर भिस्त ठेवून उतरायला उशीर करणे घातक ठरते. वाटेत स्वच्छतागृहांची वानवा असल्याने स्त्रिया दिवसदिवस पाणी पीत नाहीत. कोरड्या थंड हवेत त्याचा त्रास दुणावतो. गाडी ठरावीक अंतराने योग्य जागी थांबवणे ही आयोजकाची जबाबदारी आहे, मेहरबानी नाही.

राणीपौव्याला गाडी थांबल्यावर मंदिरापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत. त्या सावकाश चढाव्यात. मंदिरामागच्या १०८ धारांचे आणि समोरच्या दोन कुंडांचे पाणी हाडे गोठवणारे असते. धापेच्या अवस्थेत त्या पाण्याखाली गेल्यास रक्तदाब आणि हृदयाचे ठोके एकदम वाढतात. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी स्नानाऐवजी प्रोक्षण करावे. ओंजळभर पाणी मस्तकी लावण्याला परंपरेची पूर्ण मान्यता आहे आणि हे कीर्तनकारांनी, पुरोहितांनी निघण्यापूर्वी सांगितले तर ते डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा लवकर पटते.

विमानाने जाणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधल्या काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारपूर्वीच जोराचा वारा सुटतो, म्हणून जोमसोमची उड्डाणे सकाळीच होतात आणि ढग आले की रद्द होतात. युरोपीय संघाने नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांवर डिसेंबर २०१३ मध्ये बंदी घातली, यातही पुरेसा इशारा आहे. उड्डाण रद्द झाले तर हुज्जत घालू नये. कार्यक्रमातच एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. सप्टेंबर २०२५ मधील आंदोलनात काठमांडूचा विमानतळ बंद पडला आणि भारतीय पर्यटक अडकले, तेव्हाही ज्यांच्याकडे जादा दिवसांची औषधे व पैसे होते ते निभावले असणार.

कागदपत्रांचे थोडक्यात असे : भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, केवळ आधारवर विसंबू नये. भारतीय नोटांविषयीचे नियम बदलत आले आहेत, ते निघण्यापूर्वी बँकेत विचारावेत. विमा घेताना त्यात उंचीवरील आजार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते पाहावे. नेपाळात पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे क्रमांक आहेत. भारताचा दूतावास काठमांडूत लैनचौर येथे आहे.

ही माहिती गुप्त नाही, पण ती मराठीत, मोठ्या अक्षरांत, यात्रेकरूच्या हातात पडत नाही. संचालनालयाने ती दोन पानी पत्रकात छापून बसस्थानके, रेल्वेस्थानके, ग्रामपंचायती आणि वारकरी संस्थांपर्यंत पोहोचवावी. प्रत्येक आयोजकाने यात्रेकरूंची यादी, नातेवाइकांचे क्रमांक, बसचा तपशील आणि मुक्कामांची ठिकाणे निघण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावीत, अशी व्यवस्था गृह व महसूल विभागांच्या साहाय्याने करावी. मर्स्यांग्दीच्या काठावर ओळख पटवण्याच्या कामात अशी यादी सर्वांत आधी लागते. पुढील अधिक महिन्याचे आणि श्रावणाचे गट नोंदणी सुरू करण्याच्या आत हे पत्रक निघावे, ही संचालनालयास आग्रहाची विनंती.