वर्षातील पाच ध्वनिमुद्रिका

वर्ष सरत आले म्हणजे जमाखर्चाची वही उघडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पैशांचा हिशेब आपण काटेकोरपणे ठेवतो. वर्षभरात कानांनी काय मिळविले, याची मात्र नोंद कोणी ठेवीत नाही. ती या अंकाच्या निमित्ताने ठेवावी, असे मला वाटले. गेल्या वर्षात मी पुष्कळ गाणे ऐकले. त्यांपैकी पाच ध्वनिमुद्रिका मनात घर करून राहिल्या. यांतील एकही या वर्षी निघालेली नाही, हे आरंभीच सांगते. ‘मग त्या या वर्षाच्या कशा?’ असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, वसंत ऋतू जुना असला तरी प्रत्येकाला तो नवाच भेटतो. जे गाणे मी या वर्षी मनापासून ऐकले, ते माझ्या दृष्टीने या वर्षाचे.

पहिली ध्वनिमुद्रिका रहिमतखाँ यांची. ख्यालगायनाला ज्यांनी ग्वाल्हेरचे नाव दिले, त्या हद्दूखाँचे हे चिरंजीव. रसिकांनी त्यांना ‘भूगंधर्व’ म्हटले. हद्दूखाँचेच शिष्य असलेले सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी या मनस्वी कलावंताला आपल्यापाशी आणून सांभाळले. रहिमतखाँच्या तबकड्या निघाल्या त्या त्यांच्या उतारवयात. त्या ऐकताना आधी खरखर ऐकू येते. तिच्यातून वाट काढीत तो स्वर येतो आणि थोड्याच वेळात खरखरीचे भान उरत नाही. १९२२ साली रहिमतखाँ निवर्तले. त्याच वर्षी भास्करबुवा बखलेही गेले. बालगंधर्वांच्या या गुरूंचे गाणे कसे होते, याविषयी लिहिलेले पुष्कळ वाचावयास मिळते; परंतु त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. एकाच वर्षी दोन गवई गेले. एकाचा आवाज आपल्यापाशी राहिला, दुसऱ्याची केवळ कीर्ती राहिली. तीन मिनिटांच्या तबकडीचे मोल यावरून ध्यानात यावे.

दुसरी ध्वनिमुद्रिका केसरबाई केरकरांच्या भैरवीची. माझी मायबोली कोकणी असल्यामुळे गोव्यातील केरी गावच्या या कन्येविषयी मला थोडा पक्षपात आहे, हे मी लपवीत नाही. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सुवर्णलेपित तबकड्यांत समाविष्ट झाली. जगभरातून निवडलेल्या २७ संगीतरचनांत बाख आहे, बेथोवन आहे आणि भारताची म्हणून ही एकच भैरवी आहे. त्या तबकडीवर ५५ भाषांतून अभिवादने आहेत. त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. परंतु कोकणीच्या अंगणात वाढलेला एक गळा आहे, यावर मी समाधान मानते. पहिले यान २० ऑगस्टला उडाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. आज ती दोन्ही याने सूर्याच्या वाऱ्याचा अंमल जेथे संपतो त्या सीमेपलीकडे गेली आहेत. इतक्या दूर पाठविलेले गाणे आपल्या घरात कितीदा ऐकले जाते?

तिसरी निवड ऐकून मुले खूश होतील, कारण ती चित्रपटातील आहे. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ या चित्रपटात तानसेन आणि बैजू यांचा सामना आहे. नौशाद यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली तानसेनासाठी अमीरखाँ गायले आणि बैजूसाठी दत्तात्रेय विष्णु पलुसकर. राग देसी. गंमत अशी की, तानसेनाच्या समाधीच्या या गावी बसून आपण तानसेनाचा पराभव आनंदाने ऐकतो! शास्त्रीय गाणे कळत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी येथून आरंभ करावा. दोन आवाज वेगळे ओळखता आले, एक खालच्या सप्तकात कसा रमतो आणि दुसरा किती निर्मळपणे वर जातो हे जाणवले, की पहिला धडा झाला. पलुसकर हे विष्णु दिगंबरांचे पुत्र, म्हणजे ग्वाल्हेरच्याच परंपरेतले. या ध्वनिमुद्रणानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

चौथे ध्वनिमुद्रण आपल्या गावच्या कृष्णराव शंकर पंडितांचे. १८९३ साली येथे जन्मलेल्या पंडितजींनी १९१४ साली येथेच संगीत विद्यालय काढले आणि १९८९ पर्यंतचे दीर्घ आयुष्य गाण्याला वाहिले. आकाशवाणीवरील त्यांचे गाणे ऐकताना प्रथम मन दचकते. येथे गोडव्याची आर्जवे नाहीत. बंदिश आधी नीट मांडावी, अस्ताई आणि अंतरा दोन्ही सांगावेत आणि मगच विस्ताराला हात घालावा, ही ग्वाल्हेरची शिस्त त्यांत स्पष्ट दिसते. निबंध लिहिताना विषय आधी मांडा, असे मी वर्गात सांगते. तेच ते स्वरांनी सांगतात. लयीशी चाललेला त्यांचा खेळ मला तिसऱ्या श्रवणापर्यंत उमगला नाही. सहाव्या श्रवणानंतर मात्र त्याची ओढ लागली.

पाचवी मालिनी राजूरकरांची, टप्प्याची. टप्पा हा अवघड गानप्रकार. त्यात स्वर सावकाश चालत नाहीत, उड्या घेत, गिरक्या घेत धावतात. शोरी मियाँच्या नावाशी जोडलेला हा प्रकार ग्वाल्हेर घराण्याने प्रेमाने जतन केला. मालिनीताईंचा जन्म महाराष्ट्राबाहेरचा. अजमेर येथे त्या गणित शिकल्या, गणित शिकवीत असत, आणि पुढे हैदराबादेत राहून गायल्या. त्यांचा टप्पा ऐकताना गणिताची आठवण होतेच. एवढ्या वेगात एकही मात्रा इकडची तिकडे होत नाही आणि तरीही हसू ओठांवर असावे तसा स्वर प्रसन्न राहतो. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात त्या निवर्तल्या. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांतील मुलींनी त्यांचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळते. या पाचही मी भ्रमणध्वनीवर ऐकल्या. मूळ तबकडी एकीचीही माझ्यापाशी नाही. त्या यंत्रात आज हजारो गाणी हात जोडून उभी असतात. पूर्वी गाणे ऐकण्यासाठी मैलोगणती चालत जाणारी माणसे होती; आता गाणे आपल्या दारी येते आणि आपण ते अर्ध्यातून हाकलून देतो. एक सुरू करावे, मुखडा ऐकावा, दुसऱ्यावर बोट ठेवावे, असे चालते. ताटात वीस पदार्थ वाढून प्रत्येकाचा एकेक घास चाखून उठणाऱ्याला आपण जेवला असे म्हणत नाही. माझे स्पष्ट मत असे की, वर्षभरात पाचच ध्वनिमुद्रिका ऐकल्या तरी चालेल. पण त्या पूर्ण ऐकाव्यात आणि पुनःपुन्हा ऐकाव्यात. जे गाणे पाठ झाले, त्यातलाच एखादा स्वर पुढे अवचित नवा वाटतो. हा आनंद यादी वाढवून मिळत नाही.

ग्वाल्हेरकरांवर तर याची जबाबदारी अधिक आहे. २०२३ साली युनेस्कोने या शहराला ‘संगीत नगरी’ म्हणून मान दिला. १९२४ पासून चालत आलेला तानसेन समारोह आता शंभरी ओलांडून गेला. हे सारे भूषणावह खरे. परंतु शहर संगीताचे ठरते ते त्यातल्या ऐकणाऱ्यांमुळे. दाना ओलीपासून लष्करच्या कोणत्याही गल्लीपर्यंत जाऊन दहा मुलांना विचारा, ग्वाल्हेर घराण्याच्या एका गवयाचे एक गाणे कोणी ओळखील का? मला शंका आहे. तानसेनाच्या समाधीजवळील चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. कान तयार व्हावा म्हणून मात्र असा कोणताही पाला नाही. तेथे रोजची थोडी सवयच लागते.

कोणी म्हणेल, परीक्षा, शिकवण्या आणि स्पर्धा यांच्या धकाधकीत मुलांनी गाणे केव्हा ऐकावे? केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांत संपते. तेवढा वेळ पुस्तकाचे पान शोधण्यातही जातो. पालकांनी रात्रीच्या जेवणानंतर एक ध्वनिमुद्रिका सर्वांनी मिळून, मध्ये न बोलता ऐकण्याचा परिपाठ ठेवावा. घरात आजोबांच्या काळच्या तबकड्या किंवा ध्वनिफिती पडल्या असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी त्यांत कोणाचा आवाज आहे एवढे तरी पाहावे. भास्करबुवांच्या बाबतीत जे घडले, ते आणखी कोणाच्या बाबतीत आपल्या हातून घडू नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही एक छोटी वही करा. ऐकलेल्या गाण्याचे नाव, गायकाचे नाव, कितव्यांदा ऐकले आणि या खेपेस नवे काय कानी आले, एवढेच तीत लिहा. माझ्या निवडीशी तुमची जुळलीच पाहिजे, असा माझा मुळीच आग्रह नाही. कदाचित तुमच्या पाचांत माझी एकही नसेल. पुढच्या वर्षीच्या अंकात ती यादी तुम्ही लिहा. वाचण्यास मी उत्सुक आहे.