बॅगेचं वजन झालं, कराराचं काय?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात पासपोर्ट निघालाय किंवा निघणार आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी आमच्या तळोजा फेज वनमधल्या किराणा दुकानात काट्यावर एक बॅग चढली होती. मर्यादा २३ किलो, काटा दाखवतोय २६. आईने आधी भाजणीचा डबा काढला, मग लोणच्याची बरणी. सुकटीची तीन पिशव्यांत गुंडाळलेली पुडी मात्र ती काढेना. पोरगा घानाला निघालाय. एमआयडीसीत सात वर्षं फिटर होता, कायम कधी झालाच नाही, कंत्राटदार तेवढे बदलत गेले.

मी सहज विचारलं, "करारपत्र वाचलंस का रे?"

"एजंटकडे आहे दादा. एअरपोर्टवर देणार म्हणालाय."

आई मध्येच म्हणाली, "भाऊ, तिकडे चकल्या किती दिवस टिकतील?"

हसू नका. त्या माऊलीने तिच्या हातातली सगळी तयारी चोख केली होती. ज्यांनी बाकीची करायची, त्यांच्याबद्दल मला बोलायचंय. आणि त्यात पहिला नंबर माझा.

काही वर्षांपूर्वी इथलाच एक पोरगा नायजेरियाला गेला, तेव्हा बातमी मी केली होती. फोटोसकट. "तळोज्याच्या तरुणाची परदेशात भरारी". नाक्यावर बॅनर लागला, त्यावर पोरगा कोपऱ्यात आणि आठ नेते मोठे. बॅनरवरच्या एकानेही, आणि बातमी लिहिणाऱ्या मीही, त्याला एक प्रश्न विचारला नाही: व्हिसा कसला आहे?

व्हिसा होता व्हिजिटचा. "तिकडे गेल्यावर वर्क परमिट करून देतात" असं एजंट म्हणाला होता. त्याचे एक लाख चाळीस हजार रोख घेतले, पावती नाही. तिथे उतरल्यावर पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला. पगार करारात डॉलरमध्ये होता, पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की तेवढ्या किमतीचे नायरा मिळतील, आणि भाव धरला होता सहीच्या दिवसाचा. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायरा मोकळा सोडला. तेव्हा डॉलरला साधारण ४६० नायरा पडायचे, २०२४ मध्ये ते दीड हजाराच्या पुढे गेले. म्हणजे नायरात पगार तेवढाच, पण घरी पाठवायला गेलं की तिसरा हिस्सा. पोरगा पाच महिन्यांत परत आला, कर्ज डोक्यावर घेऊन. ती बातमी मी केली नाही. त्यानेच हात जोडले होते, नका करू म्हणून. बॅनर मात्र पावसात सडेपर्यंत तसाच होता.

आता कायद्याची गंमत बघा. परदेशात कामाला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. ज्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का, म्हणजे ढोबळमानाने दहावी न झालेले, त्यांना ठरवून दिलेल्या १८ देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते. तिथे करार तपासला जातो. दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा, आणि त्याचा हप्ता दोन वर्षांना फक्त २७५ रुपये. चांगली गोष्ट आहे. पण या १८ देशांत आफ्रिकेतले किती? लिबिया, सुदान आणि दक्षिण सुदान. संपलं. नायजेरिया नाही, घाना नाही, माली नाही, नायजर नाही.

आणि आपला पोरगा तर दहावी, वर आयटीआय. म्हणजे त्याला मंजुरी कुठेच नको. सरकारने धरूनच टाकलंय की दहावी झाली की माणसाला इंग्रजीतला करार कळतो, परक्या देशाचा कामगार कायदा कळतो आणि एजंटच्या पोटातलंही कळतं! माझं शिक्षण पत्रकारितेच्या डिप्लोमापर्यंत झालंय, मला त्या करारातलं निम्मं कळलं नव्हतं.

१ जुलै २०२५ ला मालीतल्या काय भागात सिमेंट कारखान्यावर हल्ला झाला आणि तीन भारतीय कामगार पळवले गेले. त्याच महिन्यात नायजरमध्ये दोन भारतीय मारले गेले, एकाला उचलून नेलं. ही माणसं काही जंगल सफारीला गेली नव्हती. आपल्या एमआयडीसीत माणूस जे करतो तसल्याच कामाला गेली होती. दोन्ही देश त्या १८ च्या यादीबाहेर.

कुणी म्हणेल, जाऊच नये मग. हे मला मान्य नाही. इथे बारा तासांच्या पाळीला जे मिळतं त्यात घरभाडं आणि पोरांची फी निघत नाही, आणि कासाडीचा वास फुकट. जाणारा शहाणाच आहे. शिवाय आफ्रिका म्हणजे नुसता धोका हे डोक्यातून काढा. चोपन्न देशांचं खंड आहे ते, पिढ्यानपिढ्या तिथे नांदणारी भारतीय माणसं आहेत. माझा राग जाण्यावर नाही, आंधळ्याने पाठवण्यावर आहे. मुलीचं स्थळ बघताना आपण मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करतो. मुलगा दुसऱ्या खंडात पाठवताना एजंटचा परवाना नंबरसुद्धा विचारत नाही? इथून जवळच्या कल्याणच्या आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, तेव्हा 'का जातेस, एकटी का जातेस' याची उत्तरं त्यांना भर सभेत द्यावी लागली होती. त्यांना नको तितके प्रश्न विचारले, आपल्या पोरांना एकही नाही.

परवान्याशिवाय परदेशी नोकरीची भरती करणं गुन्हा आहे. परवानाधारक एजंटची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे, मोबाईलवर दोन मिनिटांत दिसते. त्याने सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० अधिक जीएसटी घ्यायचं, तेही पावती देऊन. लाख-दीड लाख मागणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

लशीचं तर विचारूच नका. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. म्हणजे आज लस आणि परवा विमान हे जमत नाही. यावर आपल्याकडे तोड काय, तर सुई न टोचता पिवळं कार्ड! त्या नायजेरियावाल्याला एजंटने तसंच कार्ड दिलं होतं, वर "सुई वाचली" म्हणून उपकारही दाखवले.

तो परत आल्यावर बाराव्या दिवशी तापाने फणफणला. जवळच्या दवाखान्यात डेंग्यूची तपासणी झाली, तापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरळायला लागला तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरने विचारलं, बाहेरून आलायस का? फाल्सिपेरम मलेरिया निघाला. जगात मलेरियाचे सर्वांत जास्त रुग्ण नायजेरियात असतात, पण तो तिथून आलाय हे पहिल्या दवाखान्यात ना कुणी विचारलं, ना घरच्यांनी सांगितलं. वाचला, नशीब. आफ्रिकेतून आलेल्या माणसाला पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, आणि मलेरियाची तपासणी मागून घ्या. जायच्या आधीही प्रतिबंधक गोळ्यांचं डॉक्टरला विचारा.

आता पुढाऱ्यांनो, तुमच्याकडे वळतो. १९८३ चा कायदा बदलायचा मसुदा केंद्राने २०२५ मध्ये लोकांसमोर ठेवला, सूचना मागवल्या. तळोजा-पनवेलमधून कुणी एक ओळ पाठवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. विमानतळाच्या नावासाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवं होतं. पण त्या विमानतळावरून आपली पोरं कसल्या कागदांवर उडणार, यासाठी कोण उतरणार? महापालिकेने आठवड्यातून एक दिवस एक टेबल, एक वकील आणि एक डॉक्टर बसवावा. आयटीआयने शेवटच्या वर्षाला चार तास करार वाचायला शिकवावेत. एका बॅनरच्या मौसमात यापेक्षा जास्त खर्च होतो.

तोवर मी बसतो. दर रविवारी सकाळी दहा ते बारा, त्याच किराणा दुकानाच्या ओट्यावर. ओळखीचे एक वकील महिन्यातून दोनदा येतो म्हणालेत. करार, व्हिसा आणि एजंटची पावती घेऊन या. घानावाल्याला मी सांगितलंय की करार हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नकोस. त्याने फोन लावलाय, एजंट अजून उचलत नाहीये. बॅग भरलेली तशीच दाराशी आहे, आणि सुकट आईने परत डब्यात काढून ठेवलीय.