खाट लवकर रिकामी झाली. पण रुग्ण कोठे गेला?

मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया म्हटली की पोटावर वीतभर छेद, नाकात नळी, आतडी चालू होईपर्यंत उपास आणि आठ-दहा दिवसांची खाट, हे चित्र फार काळ ठरलेले होते. आज तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून होते आणि पुष्कळ रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी धाडले जातात. या बदलाचे स्वागत करावे काय? अवश्य करावे. परंतु ज्या अटींवर तो सुरक्षित ठरतो त्या अटी कोणासाठी पुऱ्या होतात, हा प्रश्न विचारल्यावाचून केलेले स्वागत आंधळे ठरेल.

प्रथम विज्ञानाचे श्रेय विज्ञानाला दिले पाहिजे. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर उतारवयातील रुग्णही दोन दिवसांत घरी जाऊ शकतात. त्यामागे जादू नव्हती. पाठीच्या कण्यातून वेदनाशमन, लवकर अन्न, लवकर चालणे, एवढ्याच गोष्टी पद्धतशीरपणे केल्या गेल्या. रुग्णाला उपाशी व निजवून ठेवण्याची जुनी रूढी बरीचशी निराधार होती. आपल्या देशातही सार्वजनिक रुग्णालय या तंत्राला पारखे नव्हते. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली केली, ती मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. नवे तंत्र हे खाजगी भांडवलाचेच अपत्य असते, या प्रचाराला हे पुरेसे उत्तर आहे.

परंतु खाट लवकर रिकामी होण्याचे दुसरेही एक कारण असते, आणि ते हिशेबाच्या वहीत सापडते. १९८३ साली अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने रुग्णालयांना दिवसांऐवजी आजारागणिक ठोक रक्कम देण्यास आरंभ केला. रुग्ण जितका लवकर बाहेर, तितकी शिल्लक अधिक! १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रकृती अस्थिर असतानाच घरी पाठविलेल्यांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. आपल्याकडील आयुष्मान भारत योजनाही ठोक दराच्या पॅकेजवरच उभी आहे. घरी परतल्यावर १५ दिवसांच्या औषध-तपासण्यांची तरतूद तीत आहे. पण घरी येऊन रुग्णाला पाहणारी परिचारिका कोठे आहे?

म्हैसूरच्या पश्चिम सीमेवर, हुणसूर रस्त्यावरील हिनकलचे उदाहरण घ्या. एकेकाळचे हे खेडे आज शहराने कवेत घेतले आहे. तेथील एखादा बांधकाम मजूर म्हैसुरात शस्त्रक्रिया करवून चौथ्या दिवशी घरी आला, अशी कल्पना करा. आतडे जोडले तो सांधा सुटला तर ते बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास कळते: ताप, वेगाने चालणारी नाडी, फुगलेले पोट, वाढती वेदना, उलटी. पूर्वी हे दिवस वॉर्डात, परिचारिकेच्या नजरेखाली जात. आता ते एका खोलीच्या घरात जातात. रात्री दोन वाजता ही लक्षणे ओळखायची कोणी? कोणाला कळवायचे? वाहन कोठून आणायचे? येथे काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.

रुग्णालयाने वाचविलेले श्रम नाहीसे होत नाहीत. ते घरातील स्त्रीच्या माथ्यावर येतात. जखम पाहणे, पथ्याचे रांधणे, रात्र जागून काढणे, हे सारे बिनमोल, आणि त्यापायी तिची रोजीही बुडते. कामगार राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो; तिच्याबाहेरील असंघटित मजुराला तो मिळत नाही. घरी लवकर आलेला हा मजूर मग कामावरही लवकर जातो. बरा झाला म्हणून नव्हे, तर चूल पेटवायची म्हणून.

म्हणून आमचा आग्रह जुन्या दहा दिवसांच्या खाटेसाठी नाही. रुग्ण घरी जावा तो तोंडाने नीट खाऊ लागल्यावर, गोळ्यांनी वेदना आवरल्यावर, स्वतःच्या पायांनी चालू लागल्यावर. पॅकेजची रक्कम संपली म्हणून नव्हे. घरी कोणी नसेल तर त्याला राहण्याचा हक्क असावा. धोक्याची लक्षणे त्याच्याच भाषेत, म्हैसुरात कन्नडमध्ये, पुण्यात मराठीत, लिहून व समजावून द्यावीत. रात्रंदिवस उचलला जाणारा दूरध्वनी आणि विनाअट पुनर्प्रवेश असावा. पहिला आठवडाभर प्रशिक्षित परिचारिकेने घरी यावे. हा बोजा तुटपुंज्या मानधनावरील आशा सेविकांवर लादू नये. असंघटितांना आजारपणाचा भत्ता मिळावा.

यास पैसा लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. कामगार संघटना, महिला संघटना व वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रांत घेतला पाहिजे. विज्ञानाने वाचविलेले दिवस रुग्णाच्या पदरी पडावेत की जमाखर्चाच्या, याचा निर्णय शस्त्रक्रियागृहात होत नाही. तो संघटित जनतेच्या दडपणानेच होईल.